देवळातले पाणी, देवळातले आभाळ

पंचमहाभूते हा शब्द आपल्याकडे वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की, तो उच्चारताना पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश यांपैकी काहीच डोळ्यांपुढे उभे राहत नाही. प्रवचनात तो येतो आणि मंडपातच राहतो. देऊळ बांधणाऱ्यांच्या लेखी मात्र तो नुसता शब्द नव्हता.

रोजच्या पूजेतले पाच उपचारच घ्या. गंध पृथ्वीचे, फूल आकाशाचे, धूप वायूचा, दीप तेजाचा आणि नैवेद्य अमृतरूप जलाचा, अशी सांगड परंपरेने घातलेली आहे. दक्षिणेत हीच कल्पना पाच क्षेत्रांत वाटून दिलेली दिसते. कांचीपुरमला पृथ्वी, तिरुवनैकावलला जल, तिरुवण्णामलैला अग्नी, श्रीकालहस्तीला वायू आणि चिदंबरमला आकाश. तिरुवनैकावलच्या गाभाऱ्यात खरोखरच पाणी झिरपते. चिदंबरमला पडदा सारला की मोकळी जागा आणि सोन्याच्या बिल्वपत्रांच्या माळा दिसतात. इथले प्रतीक समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या वऱ्हाडात असे काय आहे, असे मेडशीत बसून कोणी विचारले, तर त्याला फार दूर पाठवायला नको. अकोल्याहून पातूरचा घाट चढून मेडशीला आलेला रस्ता पुढे मालेगावला जातो. तिथून पश्चिमेला मेहकर आणि मेहकरच्या दक्षिणेला लोणार.

लोणारला पाचही भूते एका जागी भेटली आहेत. आकाशातून अशनी आला, त्याच्या तापाने काळा पाषाण वितळला, जमिनीला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खळगा पडला आणि त्यात खारे पाणी साठले. हा खळगा अशनीचाच, हे 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पक्के केले. लोकांनी मात्र त्याची कथा कितीतरी आधी रचून ठेवली होती. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली दडला होता, विष्णूने वरचे झाकण उडवून त्याला मारले आणि त्याच्या रक्ताने पाणी खारट झाले. दैत्याच्या नावातच मीठ आहे. या वधावरूनच गावातल्या देखण्या देवळाला दैत्यसूदनाचे नाव मिळाले.

पण लोणारची खरी गंमत पाण्यात आहे. काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. भाविक तिथे स्नान करतात. खाली सरोवराचे पाणी खारे. कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिचे एका बाजूचे पाणी गोडे, दुसऱ्या बाजूचे खारे, असे सांगतात. पाण्याचा स्वभाव ओळखून त्याला घरातली नाती देणारी ही माणसे निसर्गाकडे किती बारकाईने पाहत असतील!

2020 सालच्या जून महिन्यात हे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा चमत्काराच्या गोष्टी पसरल्या. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. सरोवराच्या रक्षणासाठी मात्र लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावे लागले. ज्या पाण्याला आपण तीर्थ म्हणतो, ते राखायला न्यायमूर्ती लागावेत, याचा विचार भाविकांनीच करायचा आहे.

हे केवळ लोणारपुरते नाही. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि पायांपासून मुखापर्यंत चढत जातात. बांधणाऱ्याने सूर्यालाच पुजारी नेमले म्हणायचे. पण त्या किरणांच्या वाटेवर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि कोणते बांधकाम आड येते, याची मोजणी करण्याची पाळी आली. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप माथ्यावर गोल उघडा आहे. तिथे आकाश अजून शाबूत आहे, एवढे समाधान.

बँकेच्या नोकरीत विहिरींच्या कर्जाचे अर्ज मी वर्षानुवर्षे वाचले. त्यात पाणी किती फुटांवर, असा एक रकाना असे. तो आकडा खाली खाली जाताना पाहिला आणि त्याच गावांत जीर्णोद्धाराच्या वर्गण्याही दिल्या. वर्गणीतून काय झाले? कोरीव दगडावर ऑइलपेंट चढला, फरशी आली, ध्वनिक्षेपक आला. देवळामागची बारव मात्र गाळाने भरली, तिच्यात निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पडल्या. अभिषेकाचे पाणी टँकरने येऊ लागले.

टँकरच्या पाण्याने देव कोपत नाही. पण बारव बुजली की आपल्या भूमीतले पाणी आणि आपला देव यांचा संबंध तुटतो. मग जल हे प्रतीक उरते ते पोथीत. म्हणून यापुढे जीर्णोद्धाराची बैठक बसेल, तेव्हा खर्चाच्या यादीत बारवेचा गाळ काढणे पहिल्या क्रमांकावर लिहावे. कळसाच्या रंगाचे नंतर पाहता येईल.