बेगमीचा हिशेब

कर्जाच्या अर्जात एक रकाना असे : ‘मासिक घरखर्च’. बँकेच्या नोकरीत असे अर्ज मी शेकड्यांनी तपासले. विहिरीची खोली, कपाशीचं एकरी उत्पन्न, म्हशीचं दूध हे सारं अर्जदार घडाघडा सांगत. या रकान्याशी आलं की मात्र पेन थबकायचं आणि एखादा गोल आकडा लिहिला जायचा. खरा आकडा जिला ठाऊक, ती घरधनीण बँकेची पायरी चढलेलीच नसायची. तेल किती पळी लागतं, डाळ किती दिवस पुरवायची, पाहुणा आला तर पिठाच्या डब्यात हात कुठवर घालायचा, हे तिचं अर्थशास्त्र. ते कुठल्याही वहीत उतरलं नाही.

महागाई भडकली की आपल्याला काटकसर आठवते. २०१५ साली तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा डाळ मिलांसाठी देशभर नाव असलेल्या आमच्या जळगावातही लोक वाणसामानाच्या यादीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवू लागले. अशा वेळी वडीलधारी माणसं हमखास म्हणतात, ‘आमच्या वेळी कमी पैशांत किती चांगलं खायचो!’ हे खोटं नाही. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगितल्याशिवाय नव्या पिढीला उपदेश करण्यात अर्थ नाही.

आधी खरं तेवढं अर्धं पाहू. खान्देशातल्या काटकसरीचा पाया म्हणजे वर्षाची बेगमी. पौष-माघात तूर, मागोमाग दादर ज्वारी, होळीच्या सुमारास गहू आणि लाल मिरची. माल शेतातून निघाला की भाव पडलेला असतो. नेमकं तेव्हाच वर्षाचं घ्यायचं. गव्हाला एरंडेल चोळायचं, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि कणगीचं तोंड लिंपून टाकायचं. बँकेच्या भाषेत ही मुदत ठेवच. फक्त व्याज धान्यात मिळायचं. जळगाव-धुळ्याचं वैशाखातलं ऊन माणसाला भाजून काढतं, पण तेच आमचं बिनपैशाचं इंधन. त्या उन्हावर कुरडया, शेवया, नागलीचे पापड, सांडगे आणि ज्वारीचे बिबडे वाळत. पावसाळ्यात भाजी कडाडली, की हे डबे उघडायचे.

दुसरा पाया म्हणजे जिन्नस जुळवण्याची अक्कल. कळण्याची भाकरी घ्या. साधारण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, सोबत खडेमीठ, सारं एकत्र दळायचं. धान्यात जे प्रथिनांचं उणं असतं ते कडधान्य भरून काढतं, हे आहारशास्त्र आज सांगतं. आमच्या आज्यांनी ते जात्यावरच सोडवलं होतं. भाजी नाही? मग डुबुकवड्या करा, पातोड्यांचा रस्सा करा, नाहीतर झणझणीत रश्श्यात शेव टाका. हरभऱ्याच्या पिठानं किती घरांची अब्रू राखली असेल, सांगता यायचं नाही. आणि भरीत थंडीतच. हिरवी लांबट वांगी बाजारात ढिगानं येतात तेव्हा कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, मेच्या महिन्यात त्यांची आठवणही काढायची नाही. याच भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यात आज शेवभाजीसाठी गाड्या थांबतात. अडचणीतला पदार्थ असा थाटामाटात मिरवताना पाहून गंमत वाटते.

आता उरलेलं अर्धं. वर्षाचं धान्य एकदम भरायला एकरकमी पैसा लागतो. तो ज्याच्याकडे होता त्याला स्वस्त मिळालं. ज्याच्याकडे नव्हता तो आठवड्याच्या मजुरीवर पावशेर डाळ आणि छटाकभर तेल उधारीवर आणत राहिला, आणि किलोमागे जास्त पैसे मोजत राहिला. कर्जाच्या टेबलामागे बसून मी हे वर्षानुवर्षं पाहिलं : गरिबाला काटकसर करणंच परवडत नाही! त्याला ‘होलसेलमध्ये घ्या’ असा सल्ला देणं म्हणजे ओसाड विहिरीवर रहाट बसवून देणं. भाकरी खा, स्वस्त पडेल, हेही आता खरं राहिलेलं नाही. २०२३-२४ च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये होता, आणि गव्हाचा २,१२५. गरिबाची ज्वारी सुखवस्तू घरातल्या मधुमेह्यांच्या ताटात गेली आणि रेशनचा गहू-तांदूळ गरिबाच्या.

दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. ती सगळी बचत बायकांच्या अंगावर उभी होती. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवायची, कांडायची, शिजवायची आणि ऊन चढायच्या आत गरम गरम थापून मोकळं व्हायचं. तूर भिजवून, वाळवून जात्यावर भरडायची, म्हणजे घरची डाळ ‘फुकट’ पडे. या कष्टाला दर नव्हता, म्हणून तो खर्चात धरला नाही. आणि खर्चात धरला नाही म्हणून संसार स्वस्त दिसला. एवढं करून ती बाई जेवायला बसायची सगळ्यांच्या शेवटी. डाळीचा तळ तिच्या वाट्याला. ‘चांगलं खायचो’ म्हणताना त्या ‘आम्ही’त ती होती का, हे स्वतःला विचारून पाहावं.

या कष्टाला किंमत असते हे १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी सिद्ध केलं. ८० रुपये उसने घेऊन त्यांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभा राहिला. घरात जे काम फुकट होतं, त्याच कामावर हजारो बायकांची चूल पेटली.

तर मग आज करायचं काय? केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाचे शंभरातले सुमारे ४६ रुपये खाण्यावर जातात. १९९९-२००० मध्ये ते ५९ होते. पण या ४६ मधले साडेनऊ रुपयांहून थोडे जास्त पेयं आणि तयार पदार्थांवर जातात, आणि तृणधान्यांवर पाचहून कमी. रेशनचं फुकट धान्य यात धरलेलं नाही हे खरं, तरी कल दिसतोच. गळती भाकरीत नाही. ती पाच आणि दहा रुपयांच्या चमकत्या पाकिटांत आहे. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, आणि जिल्ह्यात पिकणारी केळी हातात देणं अवघड नाही. रोज थोडं थोडं जातं म्हणून ते दिसत नाही. महिनाअखेर बेरीज मांडली की दिसतं.

एकरकमी पैशाची अडचण एकट्यानं सुटत नाही, दहा घरांनी मिळून सुटते. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदीची पद्धत रुजवली. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आणि आज गावोगाव असे गट आहेत. गटानं हंगामात धान्याला कर्ज काढावं आणि सदस्यांनी ते महिन्याला फेडावं. आपली तूर आपल्याच तालुक्यात आहे. ती निघते तेव्हा घ्यावी, वाण्याच्या उधारीच्या वहीत नाव चढायच्या आधी.

आणि कष्टाची वाटणी हवी. निवडणं, वाळवणं, डबे भरणं याला हात दोनच असतात आणि ते पुरुषालाही असतात. ज्या घरात हे जमणार नाही, त्यानं बिबडे विकत घ्यावेत, गावातल्याच एखाद्या गटाकडून, घासाघीस न करता. तो खर्च उधळपट्टी नव्हे, इतकी वर्षं थकलेली बाकी आहे.

पुढच्या महिन्याची यादी करायला बसाल तेव्हा दोघं मिळून बसा. तेल-डाळीच्या आकड्यांखाली आणखी एक ओळ लिहा : हे सगळं रांधणार कोण, आणि शेवटी जेवणार कोण? ती ओळ भरता आली, तर बाकीचा हिशेब फारसा अवघड नाही.