सलाईनचा हिशेब

जंजिरा संस्थानच्या काळी महाल असलेल्या आणि आज रायगड जिल्ह्याचा एक लहानसा तालुका म्हणून नांदणाऱ्या म्हसळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, किंवा कोकणातल्या तसल्याच कोणत्याही रुग्णालयात, मृग लागल्यावर तासभर बसून राहिले तर वाड्यावस्त्यांतून कडेवर पोर घेऊन आलेल्या आयांची डॉक्टरांपुढची दरखास्त बहुधा एकाच मजकुराची आढळते : ‘‘डॉक्टर, एक सलाईन लावा, पोराच्या अंगात जरा ताकद येईल.’’ ती मंजूर करणारा वैद्यकीय अधिकारी पुष्कळदा बंधपत्राची सेवा बजावण्यासाठी आलेला, पदवी हाती पडून काही महिनेच झालेला तरुण असतो. आणि आईची समजूत व त्याचे अपुरे शिक्षण यांची गाठ पडते ती मुलाच्या मनगटावरच्या एका बारीक शिरेत.

ताकदीचा प्रश्न लवकर निकालात निघतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि पोषण शून्य. जुलाब होत असले तरी शुद्धीवर असणाऱ्या आणि पाणी पोटात ठेवू शकणाऱ्या मुलाला जलसंजीवनी पुरते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ उसळली आणि शिरेतून द्यायच्या द्रवाचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजूनच मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या आत आणले होते.

परंतु डॉक्टरमंडळींत रूढ असलेला गैरसमज याहून सूक्ष्म आहे : सलाईनने फायदा झाला नाही तरी अपाय तर नक्कीच होत नाही, ही ती समजूत. तिचा फोलपणा कोकणाला विंचवाने दाखवून दिला. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचू चावलेल्या मुलांच्या उशाशी रात्र रात्र बसून जे पाहत होते, ते मोठे फसवे होते. मूल घामाने निथळते, वांत्या करते, हातपाय गार पडतात, नाडी हाताला लागेनाशी होते. अननुभवी डॉक्टरला वाटावे, की अंगातले पाणी आटले, धार सोडा. प्रत्यक्षात विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हृदय थकलेले असते आणि फुप्फुसांत पाणी साचू लागलेले असते. तेथे बाटली मोकळी सोडणे म्हणजे बुडणाऱ्याच्या नाकातोंडात आणखी पाणी घालणे. त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन त्यांनी वापरात आणले, आणि या दंशाच्या गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले.

दुसरा गैरसमज द्रवाच्या निवडीचा. १९५७ साली हॉलिडे आणि सेगर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी वजनावरून मुलाची दिवसाची पाण्याची गरज काढण्याची सोपी रीत दिली : पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५०, त्यापुढे २०. पाण्याची ही रीत आजही चालते. त्यांनी मिठाचे प्रमाण मात्र दुधावरून बेतले होते, आणि ते निरोगी मुलाला साजेसे होते. न्यूमोनिया, मेंदूज्वर किंवा शस्त्रक्रियेची वेदना सोसणाऱ्या मुलाचे शरीर पाणी धरून ठेवते. अशा वेळी लिटरमागे अवघे २५ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असलेले, ‘मुलांचे’ म्हणून मामुली शिरस्त्याने टांगले जाणारे द्रव दिले, तर रक्तातले मीठ पातळ होते, मेंदूला सूज येते आणि झटके येतात. उत्तर आयर्लंडमध्ये रक्तातल्या सोडियमच्या अशा घसरणीशी निगडित पाच मुलांच्या मृत्यूंची सरकारी चौकशी होऊन २०१८ साली तिचा अहवाल आला; त्याच वर्षी अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २८ दिवसांपुढील बहुतेक मुलांना देखभालीसाठी रक्ताइतकेच खारट द्रव, योग्य तेवढे पोटॅशियम आणि साखर घालून, द्यावे असा दंडक घातला. नवजात अर्भकांचा हिशेब अर्थात निराळा.

तिसरी समजूत अशी, की आकडा बरोबर काढला म्हणजे काम झाले. बारा किलोच्या मुलाची गरज ११०० मिलिलिटर, म्हणजे तासाला ४६. मायक्रो सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. म्हणून मिनिटाला ४६ थेंब, सोपा हिशेब. रात्री तो सेट संपला, परिचारिकेने २० थेंबांना एक मिलिलिटर देणारा साधा सेट लावला आणि कागदावर नुसते ‘४६ थेंब’ असले, तर त्या मुलाला तासाला १३८, म्हणजे तिप्पट, द्रव जाऊ लागते, आणि तरीही कागदावरचा हुकूम तंतोतंत पाळला गेलेला असतो! म्हणून हुकूम थेंबांत नव्हे, तासाच्या मिलिलिटरांत लिहावा आणि शेजारी सेटचा प्रकार नोंदवावा.

उलट टोकाची भीतीही घातकच. २०११ साली पूर्व आफ्रिकेतील तीन देशांत तीन हजारांवर तापाच्या गंभीर मुलांवर झालेल्या अभ्यासात झपाट्याने द्रव दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले हे खरे. पण त्यात जुलाबाने आटलेली मुले घेतलेलीच नव्हती. डोळे खोल गेलेल्या, पिण्याचे त्राण उरले नाही अशा मुलाला रिंगर लॅक्टेट किलोमागे १०० मिलिलिटर, वर्षाच्या आत सहा तासांत आणि वर्षापुढे तीन तासांत, गेलेच पाहिजे. तीव्र कुपोषित मुलाला मात्र शॉक असेल तरच, तेही तासाला किलोमागे १५ मिलिलिटर, नाडी-श्वास मोजत मोजत.

हे सारे पाठ्यपुस्तकांत आहे. पण औषधशास्त्रात थोडे, शरीरक्रियाशास्त्रात थोडे, असे विखुरलेले. वॉर्डात नवा डॉक्टर शिकतो ते कालच्या कागदावरून ‘तेच चालू’ असे लिहायला. माझ्या मते त्याच्या शिक्षणाची तजवीज फार खर्चाची नाही : वरिष्ठाने त्याला खाटेशी उभे करून मुलाचे वजन स्वतः करायला लावावे, हिशेब मोठ्याने म्हणायला लावावा, दुसऱ्याकडून त्याची खातरजमा करून घ्यावी, आणि रोज सकाळी हुकूम नव्याने लिहिताना ‘हे मूल आज तोंडाने का पिऊ शकत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर मागावे. म्हसळ्याहून घोणसे घाट ओलांडून माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवायच्या मुलाबरोबर किती मिलिलिटर गेले याची चिठ्ठी द्यायला शिकवणे, हेही त्यातच आले.

वाचकांपैकी कोणाच्या मुलाला बाटली लावली जात असेल, तर वजन किती धरले आणि तासाला किती जाणार, एवढे अदबीने विचारावे. त्यात डॉक्टरचा अवमान होत नाही.