मसलत

कावेरीकाठच्या पानमळ्यांतील कोवळे पान हे कुंभकोणमचे जुने भूषण. आणि भोसल्यांच्या अमदानीत तंजावर प्रांती स्थिरावलेल्या मराठी मंडळींनी, ज्यांच्यातील सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले, तो विडा आपल्या भोजनोत्तर शिष्टाचारात केव्हाच सामावून घेतला. त्या विड्यातील सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोगास कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद आहे. अशा एखाद्या घरातील वडीलधाऱ्यांच्या जिभेच्या कडेचा व्रण तीन आठवडे उलटूनही भरत नाही, आणि त्याच्या तुकड्याच्या तपासणीचा कागद हाती येतो, त्या दिवशी त्या घरात दिवेलागणीनंतर कोणी मोठ्याने बोलत नाही.

मग रात्रीच्या गाडीने चेन्नईस जाण्याचे ठरते. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी, आपली धाकटी बहीण कर्करोगाने गेल्याचे दुःख उरी बाळगून, १९५४ साली अवघ्या बारा खाटांनिशी तेथील अड्यार भागात जी कर्करोगसंस्था उभी केली, तिचा आधार आज या सर्व मुलुखाला आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय तर १९४१ पासूनचे.

तज्ज्ञाच्या भेटीस मी मसलत म्हणतो, कारण तिथे निकाल ऐकायचा नसून निर्णय घडवायचा असतो. आणि मसलतीस अस्सल दस्तऐवज लागतो. अहवालाचा कागद ही केवळ नक्कल; अस्सल म्हणजे तो मेणाचा ठोकळा. अंगठ्याच्या पेराएवढ्या त्या पांढुरक्या मेणात व्रणाचा तुकडा गोठवलेला असतो, त्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेऊन जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात, आणि पेशी कोणत्या जातीच्या हे त्यावरून ठरते. गावच्या प्रयोगशाळेतून हा ठोकळा व काचपट्ट्या मागून घ्याव्यात; दुसऱ्या तज्ज्ञाने त्या स्वतः पाहणे हा पहिल्याचा उपमर्द नव्हे. त्यात गेलेला आठवडा वाया जात नाही. वाया जातात ते लेप आणि काढे यांच्या भरवशावर दवडलेले महिने.

तोंडाच्या कर्करोगात, आरंभीच्या अवस्थेत, शस्त्रक्रिया हाच बहुधा मुख्य उपाय असतो. परंतु ती किती करावी, हा खरा प्रश्न. मानेत गाठ हाताला लागत नसताना तेथील ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसल्यावर, यावर शल्यविशारदांत कित्येक दशके मतभेद होता. टाटा रुग्णालयाच्या डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाचणी करून तो २०१५ साली बऱ्याच अंशी मिटवला: आधी ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणून मान तूर्त तशीच ठेवू असे सांगण्यात आले, तर त्याचे कारण अदबीने पण निश्चयपूर्वक विचारावे. व्रण किती मिलिमीटर खोल आहे, शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागतील काय, आणि शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ व औषधोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून हे प्रकरण पाहिले आहे काय, हेही विचारावे.

आपल्या घरांत एक रीत फार जुनी आहे. मुलगा डॉक्टरसाहेबांना बाजूला घेऊन म्हणतो, “अप्पांना काही सांगू नका.” माया त्यात आहे, हे मी जाणतो, तरीही ही रीत मला अन्यायाची वाटते, कारण जीभ अप्पांची आहे, आणि तिच्याविषयीचा जो प्रश्न मुलास सुचणार नाही तो त्यांच्या मनात केव्हाचा घोळत असतो. पहाटे नित्य पाठ म्हणणारा माणूस किती वर्षे जगेन हे विचारण्याआधी, पाठ म्हणता येईल काय, हे विचारील. त्याचे उत्तर देता येते: जिभेचा भाग किती काढावा लागेल, मोठा काढल्यास मनगटाजवळची त्वचा रक्तवाहिनीसह आणून तेथे कशी जोडतात, कोणते उच्चार काही काळ अडखळतील, आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे केव्हापासून जायचे. तेव्हा खुर्ची अप्पांना द्यावी, आणि मुलाने मागे उभे राहून टिपून घ्यावे.