मूळभाज्यांची संयुक्त खतव्यवस्था

गाजर, मुळा, बीट, सलगम, रताळे इ. पिकांना शेणखत व कंपोस्ट यांसारखी भरखते आणि रासायनिक खते परस्परपूरक प्रमाणात देण्याची पद्धत. या पिकांचा खाद्य भाग जमिनीतच पोसत असल्यामुळे खतांचा परिणाम उत्पन्नाबरोबरच मुळांचा आकार व प्रत यांवरही होतो.

इतिहास : युस्टुस फोन लीबिक यांनी १८४० मध्ये वनस्पतींच्या पोषणाविषयीचा खनिज सिद्धांत मांडला. जे. बी. लॉझ यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटाचे एकस्व (पेटंट) घेतले आणि १८४३ पासून जे. एच. गिल्बर्ट यांच्या सहकार्याने इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे दीर्घकालीन प्रयोग सुरू केले. तेथील बार्नफील्ड या शेतात प्रथम सलगम व १८७६ पासून मँगोल्ड (गुरांच्या वैरणीसाठी लावण्यात येणारा बीटचा प्रकार) ही पिके घेण्यात आली. सलगमावर सुपरफॉस्फेटाचा परिणाम ठळकपणे दिसून आला. परंतु मँगोल्डच्या बाबतीत शेणखत व नायट्रोजनयुक्त रासायनिक खत एकत्र दिलेल्या वाफ्यांतील उत्पन्न केवळ रासायनिक खते दिलेल्या वाफ्यांपेक्षा अधिक आले.

कार्य : शेणखतात सरासरीने ०·५% नायट्रोजन, ०·२% फॉस्फोरिक अम्ल व ०·५% पोटॅश असते. म्हणजे १० टन शेणखतातून सु. ५० किग्रॅ. नायट्रोजन जमिनीत जातो. परंतु तो मुख्यतः सेंद्रिय संयुगांत बद्ध असून सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने सावकाश मोकळा होतो. मुळ्यासारखे सु. ४०–४५ दिवसांत तयार होणारे पीक त्याची वाट पाहू शकत नाही. यूरियातील ४६% नायट्रोजन लवकर उपलब्ध होतो. मात्र तो पाण्याबरोबर झिरपून वाया जाण्याचाही संभव असतो. भरखतांमुळे भारी जमीन भुसभुशीत होऊन मुळे सरळ वाढतात, तर हलक्या जमिनीत ओलावा टिकून राहतो. हे कार्य रासायनिक खतांनी साधत नाही.

खते देण्याची पद्धत : चांगले कुजलेले शेणखत हेक्टरी सु. २० टन या प्रमाणात पूर्वमशागतीच्या वेळी मातीत मिसळतात. ताजे शेणखत दिल्यास गाजराला फाटे फुटतात आणि तणांचे बी शेतात येते. काडीकचरा अर्धवट कुजलेला असल्यास सूक्ष्मजंतू जमिनीतील नायट्रोजन स्वतःच्या वाढीसाठी वापरतात व पीक काही काळ पिवळे पडते. स्फुरद व पालाश यांची पूर्ण मात्रा आणि नायट्रोजनाची निम्मी मात्रा पेरणीच्या वेळी देतात. उरलेला नायट्रोजन विरळणीनंतर ओळींच्या बाजूने देऊन पाणी देतात. रासायनिक खतांची मात्रा माती-परीक्षणावरून ठरवून तीतून भरखतातून मिळणारी पोषकद्रव्ये वजा करावी लागतात. अन्यथा खर्च वाढतोच, शिवाय नायट्रोजनाचे प्रमाण अधिक होऊन पाला माजतो, मुळे पोसत नाहीत व बीटमध्ये नायट्रेटाचा संचय होतो. मुळांत शर्करा व स्टार्च साठण्यास पोटॅश साहाय्यभूत होते.

सूक्ष्मद्रव्ये : बोरॉनाच्या अभावी बीटच्या गाभ्यात काळे डाग पडतात व सलगमाचा गाभा तपकिरी होतो. त्यावर अल्प प्रमाणात टाकणखार (बोरॅक्स) देतात. मात्रा थोडीही वाढल्यास तो पिकाला विषारी ठरतो.

भरखतांचा काही अंश जमिनीत शिल्लक राहत असल्यामुळे त्यांचा लाभ पुढील पिकांनाही मिळतो. गाजरासाठी तर भरखत आधीच्या पिकाला देणे अधिक श्रेयस्कर ठरते.