विश्लेषण : टॅबवर पेनने लिहायचे, तर स्क्रीन गार्ड कोणता लावावा?

जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना ‘महाज्योती’ म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेमार्फत टॅब दिले जातात. टॅब योजनेतून मिळालेला असो वा घरच्यांनी पदरमोड करून घेतलेला, हाती आल्यावर पहिली सूचना ठरलेली असते : ‘आधी काच बसवून घे.’ मात्र, मोबाइलला चालणारी काच पेनने लिहिण्याच्या टॅबला चालेलच असे नाही. चुकीचा गार्ड लागला की रेघ तुटते, अक्षर डळमळते आणि दोष पेनला दिला जातो. दुसरीकडे गार्ड न लावण्याचा धोकाही मोठा. धडगावच्या विद्यार्थ्याच्या टॅबचा स्क्रीन फुटला, तर दुरुस्तीसाठी चांदसैली घाट उतरून तळोदा आणि पुढे नंदुरबार गाठावे लागते. ऐन परीक्षेच्या तोंडावर हे परवडणारे नसते. त्यामुळे निवड कशी करावी, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

गार्ड घेण्याआधी पेन कोणते, हे का पाहावे?

टॅबवर लिहिण्याची पेने, म्हणजेच स्टायलस, ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिले रबरी टोकाचे स्वस्त पेन. स्क्रीनच्या दृष्टीने ते बोटच असते. बोटासारखा स्पर्श जाणवावा म्हणून त्याचे टोक जाड ठेवावे लागते. बारीक टोकाची आणि ‘सगळ्या टॅबला चालणारी’ म्हणून विकली जाणारी चार्जिंगची पेनेही प्रत्यक्षात बोटाच्या स्पर्शाचीच नक्कल करतात. त्यामुळे जोर दिल्यावर रेघ जाड होणे, ही सोय त्यांत नसते.

दुसरा प्रकार बॅटरी असलेल्या, पण ठरावीक टॅबसाठीच बनवलेल्या पेनांचा. अ‍ॅपल पेन्सिल हे त्याचे ठळक उदाहरण. हे पेन टोकातून विद्युत संकेत सोडते आणि स्क्रीनखालची स्पर्शयंत्रणा तो टिपते. तिसरा प्रकार सॅमसंगच्या एस पेनचा. त्यामागे वॅकॉम या जपानी कंपनीचे तंत्रज्ञान आहे. यात स्क्रीनच्या मागील थर चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनमधील तारेच्या वेटोळ्याला त्यातूनच ऊर्जा मिळते. म्हणून लिहिण्यासाठी या पेनला चार्जिंग लागत नाही.

निवडीवर याचा थेट परिणाम होतो. चुंबकीय पद्धतीच्या पेनला काचेच्या जाडीचा फारसा त्रास होत नाही. उलट कव्हरमधले चुंबक चुकीच्या जागी असतील, तर त्या भागात रेघ वाकडी येते. पहिल्या दोन प्रकारांत मात्र गार्ड जितका जाड, तितका स्पर्श किंवा संकेत क्षीण होतो.

जाडीने नेमका काय फरक पडतो?

टेम्पर्ड ग्लास साधारण ०.३३ मिलिमीटर जाडीची असते. प्लॅस्टिकचे पातळ गार्ड त्याच्या निम्म्याहूनही कमी जाडीचे मिळतात. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, लिहिताना तो दोन ठिकाणी जाणवतो.

एक म्हणजे पेनचे टोक आणि उमटणारी रेघ यांत दिसणारे अंतर. टॅब तिरका धरला की हे अंतर वाढल्यासारखे वाटते. ज्या टॅबमध्ये वरची काच आणि आतला डिस्प्ले यांच्यात मुळातच पोकळी असते, तिथे जाड गार्डमुळे हा दोष अधिकच डोळ्यांत भरतो. दुसरे म्हणजे हलके स्पर्श निसटतात. मराठी लिहिणाऱ्याला हे लगेच कळते. अक्षराचा देह उमटतो, पण अनुस्वार राहून जातो. चंद्रबिंदूतला चंद्र येतो आणि बिंदू येत नाही. गणितात दशांश चिन्ह निसटले तर उत्तरच बदलते. काही टॅबच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते. काच लावल्यावर ती सुरू करून पाहावी.

‘९ एच’ म्हणजे ओरखडा पडणारच नाही?

नाही. पाकिटावरचा हा आकडा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आहे. ठरावीक वजनाखाली वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावरून ओढून पाहतात. त्यांतील सर्वात कठीण, म्हणजे ९ एच पेन्सिलीनेही ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि माती. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापनश्रेणीतील ९ अंकाशी त्याचा काही संबंध नाही. मोह्स श्रेणीत साधारण काच ५.५ ते ६ च्या आसपास येते, तर वाळूतील क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे वाळूचा कण काचेला चरे पाडू शकतो.

नंदुरबारसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. हिवाळ्यात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते आणि उन्हाळ्यात उघड्या रानातून धूळ उडते. मिरचीची भुकटी डोळ्यांना झोंबेल, स्क्रीनला नाही. चरे पडतात ते धुळीतल्या वाळूने. पेनचे प्लॅस्टिकचे टोक स्वतः काचेवर ओरखडा काढत नाही. मात्र, टोकाखाली कण अडकला आणि त्यावर हाताचा जोर पडला, तर तोच कण काचेवर घासला जातो. म्हणून लिहायला बसण्याआधी स्वच्छ, मऊ कापडाने स्क्रीन पुसण्याची सवय ९ एचच्या शिक्क्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. शर्टाच्या बाहीने किंवा उपरण्याच्या टोकाने पुसणे टाळावे. त्यातही धूळ असतेच.

दुकानात कोणते प्रकार मिळतात?

मोबाइलच्या काचा सगळीकडे मिळतात, टॅबच्या मिळत नाहीत. मॉडेल अनेक आणि मागणी कमी, त्यामुळे लहान दुकानदार प्रत्येक मापाची काच ठेवत नाही. अशा वेळी अनेक दुकानांत मशिनवर कापून दिला जाणारा लवचीक फिल्मचा पर्याय पुढे केला जातो. तो कोणत्याही मापात बसतो आणि फुटत नाही, हे खरे. पण ही फिल्म बहुतेकदा टीपीयू या मऊ, रबरासारख्या प्लॅस्टिकची असते. बोटासाठी ती उत्तम, पेनसाठी मात्र गैरसोयीची. टोक त्यात किंचित रुतते, ओढले जाते आणि जोर देऊन लिहिल्यास खाचा राहतात. ‘आपोआप भरून येणारी’ असे वर्णन केलेल्या फिल्मवरचे बारीक व्रण काही वेळाने जातात, खोल रेघा राहतात.

दुसरा पर्याय पीईटी या तुलनेने कडक प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा. त्यावर पेन नीट चालते, जाडीही कमी असते. मात्र टॅब पडल्यास फारसे संरक्षण मिळत नाही. तिसरा पर्याय टेम्पर्ड ग्लासचा. ओरखडे आणि समोरून बसणारा आघात ती काही प्रमाणात स्वतःवर घेते. पण पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने पेन घसरते. शिरोरेखा ओढताना हात थांबवायचा तिथे थांबत नाही आणि अक्षर विस्कटते.

‘कागदासारखा’ मॅट गार्ड खरेच चांगला का?

लिहिण्यापुरता विचार केला, तर हो. त्याचा पृष्ठभाग अतिशय बारीक खडबडीत असतो. त्यामुळे टोकाला अडथळा मिळतो, हाताला ताबा येतो आणि अक्षर सुधारते. ओसरीवर किंवा खिडकीशी बसून वाचताना समोरच्या उजेडाचे प्रतिबिंबही कमी दिसते.

पण या सोयीची किंमत मोजावी लागते. तोच खडबडीतपणा स्क्रीनचा प्रकाशही विखुरतो. बारीक अक्षरे थोडी पुसट होतात, पांढऱ्या पानावर रंगीत कणांची चमचम दिसते आणि थेट उन्हात सगळा स्क्रीन पांढुरका वाटतो. शिवाय पेनचे टोक लवकर झिजते. एस पेन व अ‍ॅपल पेन्सिलची टोके बदलता येतात. इतर पेनांची मिळतात का, हे मॅट गार्ड घेण्याआधीच विचारावे. टोक एका बाजूने चपटे किंवा धारदार झाले, तर ते तसेच वापरू नये. वापरून वापरून मॅट फिल्मही गुळगुळीत होत जाते, हेही ध्यानात ठेवावे.

यावर दोन मधले मार्ग आहेत. काही मॉडेलसाठी चुंबकाने किंवा पुन्हा चिकटणाऱ्या कडेने बसणारी मॅट फिल्म मिळते. लिहिताना लावायची, व्हिडीओ पाहताना काढायची. दुसरा मार्ग आणखी सोपा : साधी काच ठेवून पेनचे टोकच बदलायचे. काही पेनांसाठी मऊ टोके किंवा टोकावर चढवायच्या टोप्या मिळतात. ज्या टॅबचा स्क्रीन कारखान्यातूनच मॅट येतो, त्यावर पुन्हा मॅट फिल्म लावण्यात अर्थ नाही.

बसवताना काय काळजी घ्यावी?

टॅबचा पृष्ठभाग मोठा असल्याने एखादा तरी कण आत अडकण्याची शक्यता मोबाइलपेक्षा जास्त. पंखा बंद करून, फरशी ओल्या फडक्याने पुसून मग हे काम करावे. पाकिटातील चिकटपट्टीने उरलेले कण टिपून घ्यावेत. फिल्मखालचे हवेचे लहान बुडबुडे बहुधा एक-दोन दिवसांत जातात. मध्ये कण असलेला बुडबुडा जात नाही. तो घालवण्यासाठी टॅब उन्हात ठेवू नये. कव्हरची कड गार्डला उचलत नाही ना, कॅमेऱ्याची जागा मोकळी आहे ना, हेही पाहावे.

गार्ड लावण्याआधी कोऱ्या पानावर चारही कोपऱ्यांत सावकाश तिरप्या रेघा ओढाव्यात आणि ‘चंद्रबिंदू’, ‘कांदा’, ‘३.०५’ असे काही लिहून पान साठवून ठेवावे. गार्ड लावल्यावर तेच पुन्हा करावे. रेघा नागमोडी आल्या किंवा ठिपके गळाले, तर दोष गार्डचा. आधीच तसे होत असेल, तर दोष पेनचा किंवा टॅबचा. दुकानदाराशी बोलताना हे पान उपयोगी पडते.

मग नेमके काय घ्यावे?

बहुतेक वेळ व्हिडीओ पाहण्यात आणि थोडा लिहिण्यात जात असेल, तर पातळ, पारदर्शक टेम्पर्ड ग्लास पुरेशी आहे. रोज तास-दोन तास गणिते सोडवली जात असतील किंवा चित्रे काढली जात असतील, तर मॅट पीईटी फिल्म आणि सोबत जास्तीची टोके घ्यावीत. रबरी टोकाचे पेन असेल, तर ‘कागदासारख्या’ फिल्मवर पैसे खर्च करू नयेत. त्याच पैशांतून आधी टॅबला चालणारे चांगले पेन पाहावे. लिहिण्यासाठी मशिनवर कापलेली मऊ फिल्म टाळावी. आपल्या मापाची काच तालुक्याला मिळत नसेल, तर टॅबच्या मागे किंवा सेटिंगमध्ये असलेला पूर्ण मॉडेल क्रमांक देऊन ती मागवून घ्यावी. केवळ ‘दहा इंची’ सांगून मागवलेली काच बहुधा बसत नाही.

कोणताही गार्ड घेतला तरी टॅब कोपऱ्यावर पडल्यास तो वाचवू शकत नाही. ते काम चारही कोपरे झाकणाऱ्या कव्हरचे. खर्चाला मर्यादा असेल, तर आधी कव्हर, मग गार्ड हा क्रम ठेवावा. तडकलेली काच मात्र लगेच काढावी. तिच्या कपच्या बोटात जातात आणि पेनचे टोकही त्या फटीत अडकून खराब होते.