तापाच्या वाट्याला पाच टक्के

इक्विरिरी (टांझानिया) : दार-एस-सलामच्या दक्षिणेला रुफिजी नदीचा सखल मुलूख लागतो. इथे बहुतेक माणसं घरीच मरत आणि दवाखान्याच्या वहीत त्यांची नोंदच होत नसे. जिल्ह्यात लोक नेमके कशाने दगावतात, हे आरोग्य कार्यालयाला सांगता येत नव्हतं. निधी मात्र दरवर्षी वाटला जाई.

१९९०च्या दशकात आरोग्य खात्याने कॅनडाच्या मदतीने रुफिजी आणि मोरोगोरो जिल्ह्यांत हा हिशेब मांडायला घेतला. गणक सायकलवरून घरोघर फिरू लागले. मृत्यू झालेल्या घरी ते विचारत: ताप किती दिवस होता? झटके आले होते? धाप लागली होती? तापात पोराला झटके येणं म्हणजे ‘देगेदेगे’. पुष्कळ घरांत ती बाहेरची बाधा समजून मुलाला आधी वैदूकडे नेत. ही उत्तरं वाचून मृत्यूचं कारण डॉक्टर ठरवत. गडचिरोलीत बंग दाम्पत्याने गावोगावचे बालमृत्यू मोजले, त्याच जातकुळीचं हे काम.

मोरोगोरोचा ताळेबंद चक्रावणारा निघाला. अकाली मृत्यूंमुळे गमावलेल्या आयुष्यवर्षांपैकी ३० टक्के मलेरियाने हिरावलेली, अन् १९९६च्या अंदाजपत्रकात त्याच्या वाट्याला ५ टक्के! क्षयाचा भार जेमतेम ४ टक्के, खर्च २२ टक्के. यात कुणी पैसे खाल्ले नव्हते. कुठला पैसा कुठल्या रोगावर, हे बरंचसं वरूनच ठरून येई.

मग संगणकाचं एक साधं साधन तयार झालं. आकडे भरले की रंगीत पट्ट्या उमटत. रोगांचा भार आणि खर्च, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या की डॉक्टर नसलेल्यालाही तफावत दिसे.

माणशी वर्षाला दोन डॉलरपर्यंत जादा निधी देऊ केला होता; जिल्ह्यांना त्यातला एक डॉलरही पुरता खर्चता आला नाही. तेवढ्याच पैशात औषध लावलेल्या मच्छरदाण्या, आजारी मुलाला एकाच रोगापुरतं न पाहता पूर्ण तपासण्याचं प्रशिक्षण आणि दवाखान्यांची डागडुजी झाली. डागडुजीसाठी गावकरीही राबले. रुफिजीत पाच वर्षांत बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटले. सगळं श्रेय पट्ट्यांना देणं भाबडेपणाचं, पण पैसा कुठे वळवायचा ते त्यांनी दाखवलं.

पट्ट्या डोळे झाकून वाचल्या तर मात्र घात होतो. मोरोगोरोत लसीने टळणाऱ्या रोगांचा भार ४ टक्के आणि खर्च ३० टक्के होता. म्हणून लसीकरणाला कात्री लावायची? भार कमी दिसतो तो मुळात लस पोचते म्हणून. शिवाय अशी घरोघर मोजणी मोजक्याच ठिकाणी होई. किनाऱ्यावरच्या इतर जिल्ह्यांना रुफिजीच्याच आकड्यांवर आराखडे बेतावे लागले.