एंजिन-शीतनातील उष्णतेचा उपयोग
नौकेतील अंतर्ज्वलन-एंजिन थंड राखण्यासाठी त्यातून जे पाणी फिरविले जाते, त्यातील उष्णता घेऊन केबिन उबदार ठेवण्याची व वापरावयाचे पाणी तापविण्याची व्यवस्था. ही उष्णता एरवी समुद्रात सोडून दिली जाते, म्हणून तिच्यासाठी जवळजवळ जादा इंधन लागत नाही. मात्र शीतन-व्यवस्थेचे मूळ कार्य एंजिनाचे रक्षण हे असल्याने त्यात बाधा येऊ न देणे ही पहिली अट होय. हेच तत्त्व कारखान्यांतील स्थिर एंजिनांनाही लागू पडते.

उष्णतेचा ताळेबंद : डीझेल एंजिनात इंधनातील ऊर्जेपैकी साधारणतः ३५ ते ४० टक्के ऊर्जेचे यांत्रिक कार्यात रूपांतर होते. सुमारे २५ ते ३० टक्के ऊर्जा शीतक पाण्यात जाते. उरलेली मुख्यतः निष्कास वायूंबरोबर निघून जाते. २० किवॉ. शक्ती देत असलेल्या एंजिनात सुमारे ५५ किवॉ. एवढे इंधन जळत असते आणि १४ ते १६ किवॉ. उष्णता शीतक पाण्यात उतरते. ५० लिटर पाणी २५° से. पासून ६०° से. पर्यंत तापविण्यास सु. १,७५० किलोकॅलरी, म्हणजे सु. २ किवॉ.-तास, उष्णता लागते. शीतकातील निम्मी उष्णता जरी घेता आली, तरी एंजिन तापल्यानंतर हे काम अर्ध्या तासाच्या आत होते.

शीतनाचे प्रकार : प्रत्यक्ष पद्धतीत समुद्राचे पाणी एंजिनाच्या आवरणातून थेट फिरवून बाहेर सोडतात. खारे पाणी अधिक तापल्यास त्यातील क्षार भित्तींवर साचतात. म्हणून अशा एंजिनातील पाण्याचे तापमान ६०° से. च्या आसपास ठेवतात व त्यापासून मिळणारी उष्णता फारशी उपयोगी पडत नाही. अप्रत्यक्ष पद्धतीत गोडे पाणी बंद मार्गाने फिरत राहते आणि आपली उष्णता उष्णता-विनिमयकात समुद्राच्या पाण्याला देते. काही नौकांत विनिमयकाऐवजी तळाशी बाहेरून बसविलेल्या नळ्या हे काम करतात. या बंद मार्गातील पाणी ८०° ते ८५° से. पर्यंत तापत असल्याने प्रस्तुत उपयोगासाठी हीच पद्धती सोयीची असते.

मांडणी : गरम शीतक थर्मोस्टॅट झडपेच्या अलीकडून, एंजिनाच्या उष्ण बाजूने घेतात, त्यामुळे झडप बंद असतानाही प्रवाह चालू राहतो. ते उष्णतारोधक आवरण असलेल्या टाकीतील नळीच्या वेटोळ्यातून फिरून शीतक पंपाच्या शोषण बाजूस परत येते. टाकीतील पाणी वेटोळ्याच्या बाहेरून तापते. दोन्ही पाणी परस्परांत मिसळत नाहीत. केबिनसाठी याच मार्गावर पंखा लावलेला लहान विनिमयक बसवितात. संपूर्ण मार्गात शीतकाची पूरक टाकी सर्वांत उंच असावी लागते. तसे नसल्यास वरच्या वळणात हवा अडकते, प्रवाह खुंटतो आणि एंजिन भलत्याच ठिकाणी तापू लागते. मार्ग लांबल्याने वाढलेले शीतकाचे आकारमान आणि पंपाची क्षमता यांचाही मेळ घालावा लागतो.

दक्षता : शीतकात पुष्कळदा एथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते व ते विषारी आहे. वेटोळ्यास छिद्र पडल्यास ते वापरण्याच्या पाण्यात उतरू शकते. म्हणून शीतकाची पातळी विनाकारण घटत असल्यास टाकीची तपासणी आवश्यक ठरते. ५० लिटर पाणी २५° पासून ६०° से. पर्यंत तापले असता त्याचे आकारमान सु. ०·७ लिटरने वाढते. टाकीस सुरक्षा झडप नसल्यास ती फुटण्याचा धोका असतो. टाकीतील पाणी शीतकाइतके तापू शकत असल्याने त्यात थंड पाणी मिसळून देणारी झडप तोटीपूर्वी बसवितात, अन्यथा भाजण्याची भीती असते. केबिनमध्ये एंजिन-कक्षातील गरम हवा कधीही सोडू नये. तिच्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो रंगहीन व गंधहीन असल्याने झोपलेल्या माणसास त्याची चाहूल लागत नाही. केवळ पाणी तापविण्यासाठी एंजिन भाराविना दीर्घकाळ चालविणेही अयोग्य होय. कारण त्यातून उष्णता थोडी मिळते व सिलिंडरमध्ये काजळी साचते.

स्थिर एंजिने : कोकण किनाऱ्यावरील हवामानात मासेमारी नौकेची केबिन तापविण्याची गरज सहसा पडत नाही, तेथे या व्यवस्थेचा उपयोग स्वयंपाक व धुण्यासाठी लागणाऱ्या गरम पाण्यापुरता राहतो. महाराष्ट्रात तिला खरा वाव औद्योगिक क्षेत्रांत आहे. ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीच्या खोऱ्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात कापड-प्रक्रिया, रसायने व औषधी द्रव्ये यांचे उद्योग वाढले. धुलाई, रंगाई व रासायनिक प्रक्रियांपैकी पुष्कळांना ४०° ते ८०° से. तापमानाचे पाणी लागते आणि एंजिनाचे शीतक जवळजवळ त्याच पल्ल्यातील उष्णता देते. बाष्पित्रात जाणारे पाणी आधी तापविण्यासही ती चालते. वाफ निर्माण करण्यास मात्र ती अपुरी पडते व त्यासाठी निष्कास वायूंची उष्णता घ्यावी लागते.

तथापि अशा योजनेचा लाभ एंजिन किती तास चालते यावर अवलंबून असतो. २००५ नंतरच्या वीजटंचाईच्या वर्षांत राज्यात अनेक कारखान्यांना डीझेल जनित्रांचा आधार घ्यावा लागला. रोज काही तास चालणाऱ्या जनित्राच्या शीतकातील उष्णता घेणे किफायतशीर ठरू शकते. केवळ वीज खंडित झाल्यावर सुरू होणाऱ्या राखीव जनित्रावर हा खर्च भरून निघणे कठीण असते. सतत चालणाऱ्या वायू-एंजिनावर वीज व उष्णता एकत्रित मिळविण्याची पद्धती अधिक उपयुक्त असते. याखेरीज दोन स्थानिक बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पाणी कठीण असल्यास विनिमयकात क्षारांचा थर बसून उष्णतेचे वहन मंदावते. तसेच २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या खोऱ्यातील सखल भाग जलमय झाले होते. त्यामुळे जनित्र, पंप व विनिमयक यांचे चौथरे पूररेषेच्या वर असणे इष्ट ठरते.

नौका असो वा कारखाना, उष्णता मिळण्याची वेळ व तिच्या गरजेची वेळ यांचा मेळ बसणे महत्त्वाचे असते. उष्णतारोधक टाकी हे अंतर काही तासांपुरते भरून काढते. त्यापलीकडे स्वतंत्र तापकाची जोड द्यावी लागते.